बुजगावणं आणि भरीत

आमच्या सासरी भांडण घरात होत नाही. घरात फक्त त्याची तयारी होते. भांडण होतं शेतात, थंडी पडल्यावर, भरताच्या जाळाभोवती, आणि ते इतक्या मोठ्या आवाजात होतं की एकदा पहूरकडे निघालेली एसटी आमच्या बांधापाशी थांबली. ड्रायव्हरला वाटलं अपघात झाला. खाली उतरल्यावर त्याला कळलं की भरतात मिरची भाजून घालावी की तळून, एवढंच चाललंय. मग त्यानेही आपलं मत दिलं, कंडक्टरने त्याच्या उलट दिलं, अख्ख्या बसने पंगत धरली आणि पहूरच्या स्टँडवर लोक संध्याकाळपर्यंत त्या गाडीची वाट बघत बसले. यातलं थोडं कमी करून वाचायला हरकत नाही. एसटी थांबली होती, एवढं मात्र मी शपथेवर सांगते.

ज्यांना भरीत म्हणजे ताटातला एक कोपरा वाटतो त्यांना आधी भरीत सांगायला हवं. आमच्या जळगावकडचं वांगं हिरवं, पांढऱ्या रेघांचं आणि आकाराने असं की मी लग्न होऊन आले तेव्हा परातीत ठेवलेली वांगी बघून कोणाची बाळं निजवलीत असं वाटलं. कपाशी वेचून झाली की शेतात तिच्या वाळक्या काड्या उरतात, त्यांना पऱ्हाट्या म्हणतात. त्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजायची, सोलायची, लाकडाच्या खोलगट बडगीत ठेचायची, वरून मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हात आखडता न घेता तेल. भाजणं आणि ठेचणं हे पुरुषांचं काम. बायकांनी पुऱ्या तळायच्या, पात चिरायची आणि छान झालंय म्हणायचं. हे कोणी ठरवलं, कधी ठरवलं, ते कोणाला ठाऊक नाही. पण घरातले सगळे मोठे निर्णय मोसमातल्या पहिल्या भरताला होतात, आणि जाळाजवळ पुरुष बसतात, म्हणून निर्णय त्यांच्या हाताला लागतात. बायका कढईपाशी असतात. तिथून ऐकू येतं सगळं, पण बोललेलं पोहोचत नाही, कारण तेलाचा आवाज मोठा.

माझं माहेर धुळ्याचं. मी अकरावीला तर्कशास्त्र घेतलं, कारण त्या वर्गातला पंखा फिरायचा. पंख्यासाठी गेले आणि तर्कदोषांच्या प्रकरणात अडकले. माणसं चुकीच्या कारणाने बरोबर असल्यासारखी कशी बोलतात, याचं एक आख्खं प्रकरण कोणीतरी बसून लिहिलंय, हे बघून मला आमच्या गल्लीचा फोटो छापून आल्यासारखं वाटलं. पुस्तकातली नावं जड होती, म्हणून मी माझी ठेवली. समोरच्याचं म्हणणं सोडून त्याच्याच उणिवा काढल्या तर त्याला मी म्हणायची ‘माहेर काढणं’. हे आधी झालं आणि ते नंतर झालं, म्हणून ह्यामुळेच ते झालं, असं कोणी म्हटलं की ‘पायगुण’. एका पावलावरून थेट सर्वनाशापर्यंत नेलं की ‘घसरगुंडी’. आणि समोरचा बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालून त्यालाच झोडपलं, की ‘बुजगावणं’. वडील कौतुकाने ऐकायचे आणि प्रत्येक गोष्टीला अहिराणीत एकच विचारायचे, “ते बठ्ठं खरं, पन कारन काय शे?” म्हणजे, ते सगळं खरं, पण कारण काय? परीक्षेत मला बरे मार्क पडले. खरी परीक्षा जामनेर तालुक्यात, लग्नानंतर व्हायची होती.

पोरं शिकायला बाहेरगावी गेली, घर एकदम मोकळं झालं, आणि मला एक गोष्ट डोळ्यांवर यायला लागली. आमचं शेत रस्त्याला लागून आहे. थंडी पडली की बांधापाशी गाड्या थांबतात. काच खाली होते, आतून एक मुंबईचं किंवा पुण्याचं तोंड बाहेर येतं आणि विचारतं, इथे चांगलं भरीत कुठे मिळेल. मी हात करून जामनेरची दिशा दाखवते. वर्षानुवर्षं दाखवते. दिशा दाखवून दाखवून माझा उजवा हात डाव्यापेक्षा चांगला वीतभर लांब झाला असेल. आणि इतक्या हिवाळ्यांत मी भरीत कधी केलं नव्हतं. पुऱ्या तळल्या होत्या, इतक्या की एकावर एक ठेवल्या असत्या तर अजिंठ्याच्या डोंगराने मान वर करून बघितलं असतं. पण आपल्या हाताने भाजलेलं, आपल्या नावाने कोणी खाल्लेलं एक वांगं माझ्या खात्यावर नव्हतं. ते मला हवं होतं. दुसरं काही नको होतं, हेच हवं होतं.

म्हणून त्या थंडीत, पहिल्या भरताला, दुपारी, मी पुऱ्यांची परात घेऊन कढईपासून उठले आणि थेट जाळाजवळ जाऊन बसले.

“आबा,” मी सासऱ्यांना म्हणाले, “रस्त्याकडेचा ट्रॅक्टर लावायचा तुकडा मला द्या. मी तिथं भरताची कायमची शेड टाकते. भाजीन मी, विकीन पण मीच.”

आबा कमी बोलतात. त्यांनी माझ्याकडे बघितलं, जाळाकडे बघितलं आणि एक पऱ्हाटी आत सरकवली. बोलले ते नाना. नाना म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, माझे चुलतसासरे. भरताचा जाळ हा त्यांचा दरबार आणि हातातली लांब काठी हा राजदंड. त्या काठीने ते वांगी फिरवतात आणि बोलताना माणसंही फिरवतात.

“काय भाजशीन?” नाना म्हणाले.

“वांगी.”

“कोन?”

“मी.”

नानांनी काठी खाली ठेवली. “सूनबाई, आपल्याइथं बाईनं भरताचं वांगं भाजलेलं मी जन्मात पाह्यलं नाई.”

“तुमच्या अर्ध्या जन्मात मोबाईल पण नव्हता, नाना. आता उशाशी घेऊन झोपता.”

“मोबाईल येगळा.”

“वेगळा कसा, ते सांगा.”

“येगळा म्हंजे येगळा.”

कढईकडून कोणीतरी फिसकन हसलं. मला जोर आला. नानांनाही आला.

“तुले माहीत नाई म्हून सांगतो,” ते म्हणाले. “माह्या मोठ्या आत्यानं एकदा हौसेनं जाळाले हात लावला होता. वांगं भाजलं. अन् त्याच उन्हाळ्यात ते वादळ आलं. उभी केळी झोपली.”

आजूबाजूच्या सगळ्यांनी माना हलवल्या. ते वादळ आमच्याकडे अजून घरच्या माणसासारखं आहे, त्याच्यावरून लोक वयं मोजतात.

“त्या वादळात रावेरची केळी पडली होती का, नाना?”

“पडली.”

“यावलची?”

“बठ्ठी पडली. एक झाड उभं नोतं राह्यलं.”

“मग तिकडे कोणाच्या आत्याने वांगं भाजलं होतं?”

नानांनी खरंच विचार केला. जाळाकडे बघत, मिशीवरून हात फिरवत, नीट विचार केला आणि म्हणाले, “अशीन कोनी.”

पायगुणाची गंमतच ही आहे, की पुरावा कमी पडला तर तो दुसऱ्याच्या आत्याकडून उसना आणता येतो.

मग घसरगुंडी निघाली. ती नानांची लाडकी. “आज भरीत,” त्यांनी बोट उचललं. “उद्या गिऱ्हाईक म्हनीन च्या पायजे. परवा म्हनीन थंड काही हाये का. मंग बाटल्या येतीन. मंग रात्री गाड्या थांबतीन. मंग पोलीस येतीन. मंग आबा कोर्टात उभा राहीन.”

आबांनी मान वर केली. “मी काहून?”

“सातबारा तुह्या नावावर हाये.”

“नाना,” मी म्हणाले, “भरतापासून कोर्टापर्यंत तुम्ही एका दमात गेलात. मध्ये एका तरी पायरीवर कोणी थांबेल की नाही? गिऱ्हाईकाने बाटली मागितली तर नाही म्हणायला मला तोंड नाही का?”

“तोंड आहे,” माझे मिस्टर म्हणाले. दुपारभरात त्यांनी दिलेला हा पहिला आधार.

नाना आता माहेरावर आले. ते येणारच होते. “तुमचं धुळं. तिकडं लोकायले वांगं म्हंजे भाजी. हिरव्या वांग्याचं तुले काय समजते?”

“समजा, हेच मी नाही, तुमच्या सख्ख्या बहिणीने मागितलं असतं. ती तर इथलीच. मग दिला असता तुकडा?”

“ते येगळं.”

“म्हणजे अडचण धुळ्याची नाही. मग धुळ्याला कशाला आणलं इतक्या लांबून?”

नाना लाल झाले. जाळामुळे असेल. आणि मग त्यांनी ते केलं ज्याची मी इतकी वर्षं वाट बघत होते. शेतात उभं करतात तसं त्यांनी माझं बुजगावणं उभं केलं.

“म्हंजे तुह्यं म्हननं असं,” ते सगळ्यांकडे वळून म्हणाले, “का या घरान्यानं आता रस्त्यावर बसून लोकायची उष्टी काढाची. आबानं गल्ल्यावर बसाचं, मी टेबलं पुसाची, अन् पोरायची लग्नं जमवाले पाव्हने आले का त्यायले म्हनाचं, बसा, काय घेता.”

यातला एक शब्द मी बोलले नव्हते. टेबलाचं नावही काढलं नव्हतं. पण नानांनी ते इतकं रंगवलं की आबांच्या चुलत्यांच्या घरचे दोघं चौघं खरंच चिडून माझ्याकडे बघायला लागले. मी इथे परातीपाशी बसलेली, आणि नाना तिकडे माझी साडी नेसवलेला पेंढा काठीने बदडत होते. त्या पेंढ्याची मला दया आली.

“नाना,” मी म्हणाले, “जिला तुम्ही मारताय ती बाई कोण आहे मला ठाऊक नाही. टेबलं तिने मागितली असतील. मी फक्त ट्रॅक्टरचा तुकडा मागितला.”

इथे माझे मिस्टर पुन्हा बोलले. ते स्वभावाने मधले. दोन माणसं भांडत असली की सत्य बरोबर दोघांच्या मधोमध पडलेलं असतं, आणि वाकून उचललं की झालं, अशी त्यांची श्रद्धा आहे. ते म्हणाले, “असं करू. शेड टाकू. पण भरीत नको.”

शेडमध्ये काय करायचं हे कोणी विचारलं नाही, कारण ते मिस्टरांनाही माहीत नव्हतं.

मी बसल्या जागी फुगले होते. एकेक हरकत मी अशी सोलली होती जसं भाजलेलं वांगं सोलावं, साल हातात आणि आत काही नाही. पंख्याखाली घालवलेलं ते वर्ष वसूल झालं होतं. मी आबांकडे बघितलं. आता ते हो म्हणणार, दुसरं काय म्हणणार.

तेवढ्यात अक्का बोलल्या. अक्का म्हणजे माझ्या सासूबाई. त्या मागे पात चिरत बसल्या होत्या, आणि त्यांच्या विळीचा आवाज थांबला होता हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अक्का बोलायला लागल्या की गावातली कुत्री बसून घेतात.

“झालं का तुह्यं?”

“झालं.”

“माह्या दीराचं चुकलं, हे समजलं. त्याले बोलता येत नाई, हे बी समजलं. मंग तुह्यं बरोबर कसं झालं?”

मला प्रश्न कळला नाही असं मी दाखवलं.

“त्याले भांडता येत नाई, म्हून तुले भाजता येते का?” अक्कांनी विळी पुन्हा चालू केली. “एक वांगं भाजलं का तू आजलोक?”

समोरच्याचं कारण खोटं निघालं म्हणजे आपलं म्हणणं खरं ठरत नाही, त्याला आपलं स्वतःचं कारण लागतं. हे पुस्तकातही होतं, प्रकरणाच्या अगदी शेवटी. तो भाग शिकवला त्या दिवशी वर्गात वीज गेली होती आणि पंखा बंद होता, त्यामुळे मी घरी आले होते.

आबांनी घसा खाकरला. “मंग भाज,” ते म्हणाले. “आताच भाज. मी खाऊन पाह्यतो.”

ठरलं ते असं. एकच रास, दोन जाळ. अर्धी वांगी नाना भाजणार, अर्धी मी. बडग्या दोन, मीठ-मसाला अक्का आपल्या हाताने मापून देणार. आबा पाठ करून बसणार, आणि दोन केळीच्या पानांवर दोन भरितं समोर येतील तेव्हा कुठलं कोणाचं हे त्यांना कोणी सांगणार नाही. ही शेवटची अट मी घातली. नानांनी ती मान्य केली, आणि अशा अटीची गरजच काय, वासावरून कळतं, असंही म्हणाले.

पऱ्हाट्यांचा जाळ लबाड असतो. भडकतो असा की गावाला वणवा लागल्यासारखं वाटावं, आणि आपण डोळे पुसेपर्यंत बसतो. मी काड्या सारत होते, वांगी फिरवत होते, धूर माझ्यामागे असा लागला होता जसं माझं नाव त्याला कोणी सांगून पाठवलंय. साली काळ्या झाल्या, तडकल्या, रस सुटला. मला वाटलं जळतायत. काढली. नाना शेजारी निवांत बसले होते, त्यांच्या वांग्यांना काढायची घाई नव्हती आणि त्यांनाही नव्हती.

दोन पानं आबांसमोर गेली. ते खायला लागले. आबा खातात तेव्हा चेहऱ्यावर काही येत नाही, चांगलं असो वाईट असो. डावीकडचं खाल्लं. उजवीकडचं खाल्लं. मग उजवीकडचं पान त्यांनी जरासं पुढे सारलं.

“याच्यात देठाकडचं कच्चं राह्यलं,” ते म्हणाले.

उजवीकडचं माझं होतं.

नाना हसले असते तर बरं झालं असतं. नाना हसले नाहीत. त्यांनी मला एक पुरी वाढली, आणि मायेने, खरंच मायेने म्हणाले, “जाऊ दे सूनबाई. बायकायले जाळाचं समजत नाई. देवानं तसं केलंच नाई.”

धुराचा एक फायदा असतो, डोळे का भरले हे कोणी विचारत नाही. मी पुरी हातात धरली आणि खाली ठेवली.

“माझं वांगं कच्चं राहिलं, नाना. माझं. एका बाईने पहिल्यांदा भाजलेलं. त्यावरून तुम्ही जिल्ह्यातल्या सगळ्या बायका कच्च्या ठरवल्या. तुमचं पहिलं वांगं कसं होतं?”

नाना काही बोलायच्या आत अक्का म्हणाल्या, “कोळसा होता. मी खाल्लं होतं.”

आबांनी बोटं चाटली. “एका वांग्यावरून बाया मोजू नको,” ते नानांना म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “पन कच्चं ते कच्चं.”

हे मला पटलं. म्हणूनच जास्त लागलं. नानांची सगळी कारणं खोटी होती आणि माझं वांगं खरंच कच्चं होतं, आणि या दोन्ही गोष्टी एकाच दुपारी, एकाच शेतात, एकमेकींना न ढकलता बसलेल्या होत्या.

दुसऱ्या दिवसापासून मी गोठ्यामागे जाळ पेटवायला लागले. रोज. सकाळचं आवरलं की पऱ्हाट्यांचा भारा ओढत न्यायचा, वांगी मांडायची, भाजायची. पहिल्या आठवड्यात मी जे भाजलं ते म्हशीनेही हुंगून सोडलं. टोचे मारायला विसरले तर वांगी फुटायची, आणि एक तर असं फुटलं की तिकडे दीपनगरात वीज केंद्राचा भोंगा वाजायच्या आधीच लोक पाळी बदलायला निघाले म्हणतात. माझ्या भुवया गेल्या. परत आल्या त्या आधीपेक्षा दाट आल्या, हा एक फायदा.

हळूहळू कळायला लागलं. सालीचा रंग बघून वांगं कळत नाही. साल घाबरवते, आत काही झालेलं नसतं. देठापाशी काठीने दाबून बघायचं, तिथे काठी बुडाली की झालं. देठं जाळाच्या मध्यावर, शेंडे बाहेर. माझं त्या दिवशी नेमकं उलटं होतं.

केळीचे घड कापायला मजूर यायचे तेव्हा त्यांना वाढायला लागले. सगळे म्हणायचे, “मस्त हाये, वहिनी.” कच्चं होतं तेव्हाही मस्त हाये, करपलं होतं तेव्हाही मस्त हाये. मला आधी बरं वाटलं, मग संशय आला. फुकट जेवणाऱ्याची वाहवा कशी मोजायची? त्याला नाव ठेवायला जागाच नसते. म्हणून मी तोंडं बघायचं सोडलं आणि पानं बघायला लागले. जेवून उठल्यावर पानावर काय उरलंय ते. पान खोटं बोलत नव्हतं. त्यातल्या एक बाई मात्र तोंडावर म्हणाल्या, “मीठ चढलं वो, अन् लसूण कच्चा लागतो.” त्या दिवसापासून त्यांना मी सगळ्यात आधी वाढायला लागले. त्यांना वाटलं मी त्यांच्यावर खार खाऊन आहे. मला त्यांच्यासारखी जीभ पूर्ण तालुक्यात मिळाली नसती.

आणि हे सगळं चालू असताना माझ्याच डोक्यात काय शिरलं सांगू? एक दिवस भरीत फार सुरेख झालं. दुसऱ्या दिवशी परत झालं. दोन्ही दिवशी अंगावर निळी साडी होती. तिसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं आणि हात आपोआप निळ्या साडीकडे गेला. तर्कशास्त्र शिकलेली, नानांच्या आत्याला हसलेली बाई, आणि निळ्या साडीशिवाय गोठ्यामागे जायला धजेना. चांगली आठवडाभर नेसले. मग एक वांगं असं तडकलं की साडीचा पदर जाळात जाता जाता राहिला आणि नेमकं त्या दिवशीचं भरीत सगळ्यात चांगलं झालं, जेव्हा मी धावत जाऊन जुना गाऊन घालून आले. पायगुण हा काही नानांचा आजार नाही. तो हवेत असतो. बघत राहावं लागतं.

थंडी उतरायला लागली तेव्हा एक दिवस आबा गोठ्यामागे आले. बोलावलं नव्हतं. पण सगळा महिना धूर त्यांच्या खाटेवर जात होता, त्यांना यावंच लागणार होतं. त्यांच्यामागे नाना, नानांच्या हातात मोबाईल.

मी पान वाढलं. आबा उभ्याने खायला लागले. पहिला घास त्यांनी देठाकडचाच घेतला. त्यांनी दुसरा घास घेतला, तोही देठाकडचाच. मग पान रिकामं केलं आणि पुढे केलं.

“अजून वाढ.”

नाना घाईघाईने म्हणाले, “आबा, हे पाह्य. व्हॉट्सअॅपवर एका मोठ्या डॉक्टरनं सांगलं, वांग्यानं गुडघे जातात.”

“कोणता डॉक्टर?” मी विचारलं.

“मोठा. पांढरा कोट हाये, पाह्य की फोटोत.”

“तू इतकी वर्सं खाऊन राह्यला,” आबा म्हणाले, “अन् काल सायकलीवर पहूरले जाऊन आला. गप खाय.”

नानांनी पान घेतलं. आबा हात धुऊन आले आणि खाटेवर बसले. मी वाट बघत होते. माझ्याकडे सगळी उत्तरं तयार होती, परंपरेवर, लोकांच्या हसण्यावर, धुळ्यावर. आबांनी विचारलं ते वेगळंच.

“वांगं थंडीचं असते,” ते म्हणाले. “होळी झाली का त्याच्यात बिया भरतात, कडू लागते. रस्त्यावर पत्रा असा तापीन का आत उभं राह्यवनार नाई. तू वर्सभर शेड टाकशीन, तं चैत्रात काय विकशीन?”

मी सवयीने दोष शोधायला लागले. घसरगुंडी आहे का? नाही, एकच पायरी होती आणि ती समोर दिसत होती. माहेर काढलंय का? नाही. बुजगावणं? शेडबद्दलच विचारलं होतं, जशी मी मागितली होती तशीच. मी उलटसुलट करून बघितलं. त्या प्रश्नाच्या देठापाशीही काठी बुडाली. तो नीट भाजलेला होता.

माझ्या तोंडाशी एक उत्तर आलं होतं, की तुमच्या केळीला पण उन्हाळ्यात त्रास होतो, मग केळी लावायची सोडता का. चुरचुरीत होतं. नाना गप्प बसले असते. पण ते आबांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं, आबांच्या केळीवर उलटवलेला प्रश्न होता, आणि तो मी गिळला.

“चैत्राचं मला ठाऊक नाही, आबा,” मी म्हणाले. “मी तेवढा विचार केला नाही. थंडीचं मला जमतं. उन्हाळ्याचं मला आत्ता सांगता येत नाही.”

नानांनी घास घेता घेता माझ्याकडे बघितलं. त्यांना बदडायला काही उरलं नव्हतं.

आबा उठले, पायात चपला घातल्या. “मंग थंडीपुरतं कर,” ते म्हणाले. “पुढच्या मोसमाले कपाशी निंघाली का टाक शेड. होळीले पत्रे काढून ठिवजो. ट्रॅक्टर मी वडाखाली लावीन.” आणि जाता जाता वळून, “उन्हाळ्याचं तू पाह्य. तुले लागन तेवढा येळ घे.”

त्या पुढच्या थंडीत शेड उभी राहिली. चार खांब, वर पत्रा, पुढे जाळ. नाना पहिल्या दिवशी सकाळीच येऊन रस्त्याकडे तोंड करून बसले आणि दुपारपर्यंत कोणी थांबलं नाही तेव्हा म्हणाले, या रस्त्यावर लोक थांबतच नाहीत. दुपारी एक गाडी थांबली, तिच्या मागे दुसरी, आणि नाना म्हणाले, लोक जेवायच्या वेळेलाच थांबतात, हे त्यांना माहीतच होतं. मी वांगी फिरवत होते. मला वाद घालायला फुरसत नव्हती. लोक उभ्याने खात होते आणि विचारत होते, भाजलं कोणी. त्यांना मी सांगत होते, मी.

होळीला पत्रे मी स्वतः उतरवले. बोलल्याप्रमाणे.

आता चैत्र चालू आहे. केळीच्या बागेत, झाडांच्या सावलीला, जिथे पाण्याची नळी आधीच आहे, तिथे मी थंडी असतानाच उन्हाळी वांग्याचे दोन वाफे लावले होते. पहिला तोडा, म्हणजे पहिल्यांदा तोडलेली वांगी, कडू निघाला, बियांनी भरलेला. नाना म्हणाले, सांगलं होतं ना, उन्हाळ्यात होतच नाही. एका तोड्यावरून. दुसरा तोडा काल झाला. त्यातली कोवळी, लहान असतानाच काढलेली वांगी मी वेगळी ठेवली, मोठी वेगळी ठेवली. आज सकाळी दोन्ही भाजली, देठं जाळाच्या मध्यावर. मोठी अजून कडूच आहेत. लहानांत कडवटपणा आहे, पण कमी. कमी म्हणजे नाही असं नव्हे, हे मला कळतं. त्या मीठ चढलं म्हणणाऱ्या बाईंना मी दुपारी बोलावलंय. तोवर पुढच्या वाफ्याला पाणी द्यायचंय.